दाब टिकला, तरी पाणी मिसळले : दुहेरी नळव्यवस्थेच्या इमारतीतील प्लंबिंग तपासणीचा एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका सहा मजली निवासी इमारतीचे आहे. इमारत, तिचा विकासक, कंत्राटदार किंवा तपासणी करणारी स्थानिक संस्था ओळखू येईल असा तपशील येथे दिलेला नाही. इमारतीत पाण्याच्या दोन स्वतंत्र व्यवस्था होत्या. एक पिण्याच्या पाण्याची आणि दुसरी प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याची. दुसऱ्या व्यवस्थेचे पाणी फक्त फ्लशच्या टाक्यांसाठी आणि बागेसाठी वापरायचे होते. पाण्याची बचत करणाऱ्या अशा दुहेरी व्यवस्था आता अनेक देशांत उभ्या राहत आहेत आणि त्या राहायलाही हव्यात. मात्र एकाच शाफ्टमधून, म्हणजे नळांसाठी ठेवलेल्या उभ्या पोकळीतून, दोन्ही पाणी शेजारीशेजारी वर जात असल्यामुळे प्लंबिंग निरीक्षकाच्या कामाला अशा इमारतीत वेगळेच वजन येते.

पिण्याच्या पाण्याचे दोन विभाग केलेले होते. खालच्या तीन मजल्यांना सार्वजनिक जलवाहिनीच्या दाबावर थेट पाणी मिळत होते. वरच्या तीन मजल्यांसाठी तळमजल्यावर साठवण टाकी आणि दाबपंप बसवला होता. जलवाहिनीतून टाकीत येणाऱ्या नळाचे तोंड टाकीच्या ओसंडण्याच्या पातळीपासून पुरेसे वर होते. हे अंतर, म्हणजे हवेची फट, नळाच्या तोंडाच्या व्यासाच्या किमान दुप्पट आणि कोणत्याही परिस्थितीत २५ मिलिमीटरपेक्षा कमी नसावी, असा सर्वसाधारण दंडक आहे. येथे तो पाळला होता. पंप बंद पडल्यास वरच्या मजल्यांना थोडेफार तरी पाणी मिळावे म्हणून जलवाहिनी आणि वरचा विभाग यांच्यामध्ये एक बायपास, म्हणजे दोघांना थेट जोडणारा नळ, ठेवला होता आणि त्यावर एकच नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप, होता. पुढे या बायपासमुळे निर्णय बराच अवघड झाला.

खालच्या तीन मजल्यांना अंशतः वापराची परवानगी आधीच मिळाली होती आणि तेथे कुटुंबे राहायला आली होती. वरच्या मजल्यांवर रंगकाम आणि फरशीचे किरकोळ काम चालू होते. प्रक्रिया केंद्र काही आठवड्यांपूर्वी सुरू झाले होते. संपूर्ण इमारतीच्या वापर परवानगीसाठी प्लंबिंगची अंतिम तपासणी तेवढी बाकी होती.

तपासणी कोणी केली आणि कोणत्या पात्रतेवर

प्लंबिंगची तपासणी साधारणपणे टप्प्याटप्प्याने होते. जमिनीखालचे नळ बुजवण्याआधी एकदा, भिंती आणि शाफ्ट बंद करण्याआधी एकदा आणि सगळी उपकरणे बसल्यावर शेवटी एकदा. यातला मधला टप्पा सर्वांत मोलाचा, कारण त्यानंतर नळ नजरेआड जातात आणि पुढे जे काही कळते ते लक्षणांवरूनच कळते.

या इमारतीचा मधला टप्पा एका सर्वसाधारण इमारत निरीक्षकांनी तपासला होता. प्लंबिंग निरीक्षकाचे पद त्या काळात रिक्त होते, त्यामुळे बांधकाम, अग्निसुरक्षा आणि प्लंबिंग अशा तिन्ही तपासण्या त्यांच्याकडे होत्या. अनेक संस्थांमध्ये असे बहुविध निरीक्षक नेमतात आणि लहान घरांसाठी ती पद्धत चालूनही जाते. स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका आणि नियमसंहितेवरची लेखी परीक्षा ही त्यांची पात्रता होती आणि नियमाप्रमाणे ती पुरेशी होती. त्यांनी सांडपाण्याच्या नळांचा उतार मोजला, ट्रॅपमधल्या (दुर्गंधी अडवणाऱ्या वाकड्या नळातल्या) पाण्याच्या पडद्याची उंची पाहिली, व्हेंट पाइप म्हणजे हवा जाण्याचे नळ छतापर्यंत नेले आहेत याची खात्री केली आणि कामकाजाच्या दाबाच्या दीडपट दाबावर घेतलेली चाचणी स्वतः उभे राहून पाहिली. गेजचा काटा हलला नाही आणि त्यांनी शेरा अनुकूल दिला.

अंतिम तपासणीला आलेले निरीक्षक नव्याने नेमलेले होते. त्यांनी आधी उमेदवार म्हणून आणि मग परवानाधारक प्लंबर म्हणून बरीच वर्षे साइटवर काम केले होते. निरीक्षकाची परीक्षा त्यांनी नंतर दिली आणि उलटप्रवाह, म्हणजे पाणी उलट्या दिशेने वाहणे, रोखणाऱ्या साधनांच्या चाचणीचे स्वतंत्र प्रशिक्षणही घेतले होते. नेमणुकीच्या वेळी त्यांना स्वतःचा कंत्राटी व्यवसाय बंद करावा लागला आणि कोणत्याही प्लंबिंग फर्ममध्ये आपले आर्थिक हितसंबंध नाहीत असे लिहून द्यावे लागले. ही अट पुष्कळांना कागदी वाटते, परंतु निरीक्षकाच्या कामाचा पायाच तिच्यावर उभा आहे. भिंत फोडा असे सांगणाऱ्या माणसाचा ती फोडण्यात एका पैशाचाही फायदा नसावा, एवढी खात्री समोरच्याला असावी लागते.

संहितेचे ज्ञान येथे दुय्यम होते असा याचा अर्थ कोणी काढू नये. निरीक्षकांच्या परीक्षा अनेक ठिकाणी संहितेचे पुस्तक समोर ठेवूनच घेतल्या जातात, कारण पाठांतरापेक्षा नेमके कलम शोधून ते परिस्थितीला लावता येणे महत्त्वाचे असते. नळ प्रत्यक्ष जोडलेल्या माणसाला त्याखेरीज आणखी एक गोष्ट माहीत असते : काम चालू असताना अडचण आली की कारागीर ती कशी निभावून नेतात. या प्रकरणात तीच माहिती कामी आली.

अडचण कशी लक्षात आली

अंतिम तपासणीच्या छापील नमुन्यात उपकरणे, दाब, गळती, गरम पाण्याचे तापमान आणि ट्रॅप एवढेच रकाने होते. पाण्याच्या गुणवत्तेचा रकाना त्यात नव्हता. तरीही हे निरीक्षक दुहेरी व्यवस्थेच्या इमारतीत खिशातला क्लोरीनचा संच आणि विद्युतवाहकता (ती पाण्यातल्या विरघळलेल्या क्षारांबरोबर वाढते) मोजणारा छोटा मीटर घेऊन जात असत.

खालच्या मजल्यांवरच्या नळांमध्ये मुक्त क्लोरीन लिटरला ०.४ मिलिग्रॅम भरला. ग्राहकापर्यंत पोहोचणाऱ्या पाण्यात तो किमान ०.२ असावा असे जागतिक आरोग्य संघटना सुचवते, म्हणजे तेथे सारे ठीक होते. पाचव्या मजल्यावर स्वयंपाकघरातल्या नळाखाली धरलेल्या नळीत मात्र क्लोरीन असल्यास येणारा रंगच आला नाही. दुसऱ्यांदा, पाणी काही मिनिटे सोडून पाहिले, तरी आला नाही.

कंत्राटदाराच्या पर्यवेक्षकाकडे उत्तर तयार होते. “साहेब, वर कोणी राहतच नाही. पाणी नळात साठून राहिलंय, क्लोरीन उडणारच.” हे उत्तर खोटे नव्हते. साठून राहिलेल्या पाण्यातला क्लोरीन खरोखरच कमी होतो आणि केवळ त्या एका मोजणीवरून कोणताही आरोप टिकला नसता. निरीक्षकांनी वाद घातला नाही, वाहकता मोजली. जलवाहिनीच्या पाण्याची वाहकता २८० मायक्रोसीमेन्स होती आणि पाचव्या मजल्यावरची ४७०. क्लोरीन उडून गेल्याने विरघळलेले क्षार वाढत नाहीत. पर्यवेक्षकाने मग नवीन सिमेंटच्या टाकीकडे बोट दाखवले. तेही शक्य होते, कारण नव्या सिमेंटमधून क्षार पाण्यात उतरतात. म्हणून टाकीतलेच पाणी काढून मोजले, ते २९० भरले. आता बिघाड टाकीनंतर आणि पाचव्या मजल्याच्या नळापूर्वी कोठेतरी होता.

शेवटी प्रक्रिया केलेल्या पाण्याची वाहकता मोजली. ती ९०० होती. टाकीतल्या २९०मध्ये हे ९०० सुमारे ३० टक्के मिसळले तर ४७० येते. पंपघरातले दोन गेजही तेच सांगत होते. पुनर्वापराच्या, म्हणजे प्रक्रिया केलेल्या पाण्याच्या, पंपाचा दाब ४.५ बार होता आणि पिण्याच्या पाण्याच्या पंपाचा ३.५. दोन्ही नळ कोठे जोडले गेले असतील, तर पाणी कोणत्या दिशेने वाहणार हे वेगळे सांगायला नको.

येथपर्यंत हा संशयच होता, परंतु त्याला आकड्यांचा आधार मिळाला होता आणि आता वेळ महत्त्वाचा होता.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय कंत्राटदाराने सुचवला. तपासणी अनुत्तीर्ण असा शेरा द्यावा, दोष शोधायला मुदत द्यावी आणि पुन्हा येऊन पाहावे. एरवी बहुतेक दोषांबाबत अशीच कार्यपद्धती असते आणि ती योग्यही आहे. परंतु येथे दोष आणि माणसे यांच्यामध्ये एक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह तेवढा होता. तो बायपासवर बसवलेला होता. त्याच्या एका बाजूला वरच्या विभागाचा जास्त दाब आणि दुसऱ्या बाजूला जलवाहिनीचा कमी दाब होता, म्हणजे त्याच्यावर रात्रंदिवस उलटा दाब पडत होता. व्हॉल्व्हच्या बैठकीत वाळूचा एक कण किंवा टेफ्लॉनचा एक तुकडा अडकला, तर मिसळलेले पाणी खालच्या मजल्यांवर आणि तेथून सार्वजनिक वाहिनीतही जाऊ शकत होते.

दुसरा पर्याय म्हणजे इमारतीचा सगळा पाणीपुरवठा तोडणे. तातडीचा धोका असल्यास निरीक्षकाला तसा अधिकार होता, मात्र संपूर्ण इमारतीसाठी वरिष्ठांची संमती लागणार होती. हा पर्याय वरवर सर्वांत सुरक्षित वाटतो. निरीक्षकांनी त्याबाबत घेतलेली हरकत मला या प्रकरणातली सर्वांत शिकण्यासारखी बाब वाटते. पुनर्वापराचा पंप चालू असताना आधी जलवाहिनीचा कॉक बंद केला, तर खालच्या विभागातला दाब शून्यावर येतो. मग बायपासवरच्या व्हॉल्व्हवर उलटा दाब आणखी वाढतो आणि खालच्या मजल्यावर कोणी नळ उघडताच वरचे पाणी खाली ओढले जाण्याची शक्यताही वाढते. म्हणजे घाईने उचललेले सुरक्षेचे पाऊलच, चुकीच्या क्रमाने पडले तर, दूषित पाणी राहत्या घरांत पोहोचवू शकले असते. शिवाय ज्या घरांत लहान मुले आणि वृद्ध आहेत तेथे पाणीच नसणे हाही आरोग्याचा प्रश्न आहे.

तिसरा पर्याय मधला होता. आधी दूषित पाण्याचा उगम, म्हणजे पुनर्वापराचा पंप, बंद करून ती वाहिनी रिकामी करायची. मग वरचा पिण्याचा विभाग वापरासाठी बंद करायचा. त्यानंतर बायपास प्रत्यक्ष तोडून दोन्ही टोके बंद करायची. खालच्या मजल्यांना जलवाहिनीचे पाणी चालू ठेवायचे, मात्र जीवाणू तपासणीचा अहवाल येईपर्यंत ते पिण्यास वापरू नये असे लेखी कळवायचे आणि पिण्याच्या पाण्याची वेगळी सोय विकासकाने करायची.

निरीक्षकांनी तिसरा पर्याय निवडला आणि का निवडला हे त्याच वेळी टिपून ठेवले. खालच्या मजल्यांवरच्या सगळ्या नळांची वाहकता त्या दिवशी जलवाहिनीइतकीच होती, हा त्यांचा आधार होता. त्या दिवसाची मोजणी आदल्या आठवड्याबद्दल काहीच सांगत नाही, म्हणून पिण्यावर निर्बंध. ही दोन वाक्ये त्यांच्या टिपणात एकाखाली एक आहेत.

अशा प्रसंगात सावधगिरी अतिरेकी वाटू नये म्हणून दोन घटनांची आठवण ठेवावी. फिनलंडमधल्या नोकिया या गावी नोव्हेंबर २००७मध्ये सांडपाणी प्रक्रिया केंद्रातला एक व्हॉल्व्ह चुकून उघडला गेला. तो पिण्याच्या पाण्याची वाहिनी आणि प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याची वाहिनी यांना जोडत होता. दोन दिवसांत सुमारे ४५० घनमीटर सांडपाणी पिण्याच्या पाण्यात गेले आणि हजारो लोक आजारी पडले. नेदरलँड्समध्ये उट्रेख्टजवळच्या लाइड्शे राइन वसाहतीत घरगुती वापराच्या दुय्यम पाण्याची वेगळी वाहिनी होती. तेथे २००१मध्ये दोन वाहिन्या जोडल्या गेल्याने आजार पसरला आणि २००३मध्ये त्या देशाने मोठ्या प्रमाणावरील अशा घरगुती दुहेरी पुरवठ्याला मनाई केली. उपयुक्त योजना अशा एखाद्या जोडामुळे कायमची बंद होते, ही किंमतही निरीक्षकाच्या डोळ्यांसमोर असायला हवी.

प्रत्यक्ष कारवाई

पुनर्वापराचा पंप बंद करून त्याच्या विद्युत पेटीला कुलूप लावले आणि किल्ली निरीक्षकांनी स्वतःकडे ठेवली. शाफ्टच्या तळाशी असलेला निचऱ्याचा कॉक उघडून ती वाहिनी रिकामी होऊ दिली. वरच्या विभागाचा पिण्याच्या पाण्याचा पंप मात्र चाचणीपुरता चालू ठेवला.

तासाभरानंतर निचऱ्याच्या कॉकमधून पाणी येणे थांबायला हवे होते. थांबले नाही. पेन्सिलीएवढी बारीक धार, एकसारखी, बादलीत पडत राहिली. निरीक्षकांनी ती पर्यवेक्षकाला दाखवली आणि तिची वाहकता मोजली. मीटरवरचा आकडा हळूहळू २९०वर आला. रिकाम्या वाहिनीतून पिण्याचे पाणी येत होते आणि दोन्ही व्यवस्था कोठेतरी जोडलेल्या आहेत याला आता कोणताच दुसरा अर्थ उरला नव्हता.

जागा शोधताना एकही फरशी फोडावी लागली नाही. प्रत्येक मजल्यावर पिण्याच्या पाण्याच्या फाट्याला स्वतंत्र व्हॉल्व्ह होता. सहाव्या मजल्याचा बंद केला, धार तशीच राहिली. चौथ्याचा बंद केला, तरी तशीच. पाचव्याचा बंद केल्यावर धार बारीक होत गेली आणि थांबली. नंतर वरचा विभाग पूर्ण बंद करून खालच्या विभागावर हीच चाचणी घेतली, तेव्हा कॉक कोरडा राहिला. म्हणजे खालच्या विभागात स्वतंत्र जोड नव्हता.

पाचव्या मजल्याच्या शाफ्टचे झाकण काढून आत कॅमेऱ्याची नळी सोडली. पिण्याच्या पाण्याचा फाटा आणि पुनर्वापराचा जांभळ्या रंगाचा उभा नळ यांच्यामध्ये हातभर लांबीचा, २० मिलिमीटर व्यासाचा एक तुकडा होता. त्यावर पितळी बॉल व्हॉल्व्ह होता. त्याचे हँडल पाइपाला काटकोनात असते तर तो पूर्ण बंद आहे असे म्हणता आले असते, पण शेजारच्या नळाच्या क्लॅम्पला अडून ते थोडे तिरपे राहिले होते.

हा तुकडा कोठून आला, याचा उलगडा कंत्राटदाराच्या एका जुन्या कारागिराने केला. दाबाच्या चाचणीच्या वेळी साइटवर एकच हातपंप होता. दोन्ही व्यवस्था एकदमच भरून तपासता याव्यात म्हणून त्यांनी हा तात्पुरता जोड दिला होता. नंतर प्रक्रिया केंद्र तयार नसल्यामुळे फ्लशच्या टाक्या तपासायलाही त्याच जोडातून पाणी घेतले. मग कारागिरांची तुकडी बदलली, शाफ्टला झाकण लागले आणि जोड आतच राहिला. मधल्या टप्प्यात इमारत निरीक्षकांनी जो स्थिर काटा पाहिला, तो या जोडातूनच दोन्हीकडे गेलेल्या दाबाचा होता. दाबाची चाचणी गळती दाखवते. दोन व्यवस्था एकमेकींना जोडल्या आहेत का, हे ती दाखवूच शकत नाही, कारण जोडलेले नळसुद्धा दाब उत्तम धरतात.

एक काम या सगळ्यात मागे पडले. वरच्या मजल्यांवर कोणी राहत नव्हते, पण रंगारी आणि फरशीवाले तेथे दिवसभर होते. “तुम्ही लोक पिण्याचं पाणी कुठून घेता?” असे निरीक्षकांनी दुपारनंतर विचारले, तेव्हा सगळ्यांनी पाचव्या मजल्यावरच्या त्याच नळाकडे हात केला. त्यातल्या काहींना मागच्या आठवड्यांत जुलाबाचा त्रास झाला होता. त्याचे कारण हेच पाणी होते असे पुढे सिद्ध झाले नाही आणि तसे म्हणणे योग्यही नाही. त्यांची नावे त्याच दिवशी आरोग्य विभागाला कळवून वैद्यकीय तपासणी करवली गेली.

दुरुस्ती कोणती मान्य करायची

कंत्राटदाराचा पहिला प्रस्ताव व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून हँडल काढून टाकण्याचा होता. दुसरा, त्या जागी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवण्याचा. विकासकाला फ्लशसाठी पर्यायी पाणी हवे होते, कारण प्रक्रिया केंद्र बंद पडल्यास शौचालयांना पाणी मिळाले नसते. ही गरज रास्त होती आणि तिच्याकडे दुर्लक्ष केले असते, तर पुढे कोणीतरी पुन्हा असाच जोड दिला असता.

निरीक्षकांनी दोन्ही प्रस्ताव नाकारले. व्हॉल्व्ह म्हणजे विभाजन नव्हे, तो हाताने उघडता येतो आणि झिजतो, एवढेच कारण त्यांनी कलमासह लिहिले. तुकडा पूर्ण कापून काढायचा, दोन्ही टोकांना टोप्या लावायच्या आणि टोप्या दिसतील असे झाकण ठेवायचे, ही किमान अट घातली. पर्यायी पाण्याची व्यवस्था कशी करावी हे मात्र त्यांनी आखून दिले नाही. पिण्याचे पाणी पुनर्वापराच्या टाकीत हवेची फट ठेवून वरून सोडणे संहितेला मान्य आहे, याकडे लक्ष वेधून त्यांनी सुधारित आराखडा परवानाधारक अभियंत्याकडून मागवला.

या ठिकाणी अनेक वाचकांना वाटेल की अनुभवी माणसाने सरळ उपाय सांगून टाकला असता तर वेळ वाचला असता. परंतु जो आराखडा निरीक्षकाने स्वतः काढून दिला, तो तपासणार कोण? पूर्वी प्लंबर असलेल्या निरीक्षकाला हा मोह सर्वांत जास्त होतो, कारण त्याला उत्तर माहीत असते आणि समोरचा माणूस ते मागत असतो. नियम दाखवणे, दोष नेमका नोंदवणे आणि दुरुस्तीची जबाबदारी ज्याची त्याच्याकडे ठेवणे ही शिस्त कोणत्याही परीक्षेत नीट तपासली जात नाही, आणि तरीही ती पात्रतेचा भाग मानली पाहिजे.

निष्पत्ती

जोड कापल्यावर दोन्ही दिशांनी पुन्हा चाचणी झाली. आधी पिण्याची वाहिनी दाबाखाली आणि पुनर्वापराची रिकामी ठेवून, मग त्याच्या उलट. दोन्ही वेळा पाणी पलीकडे गेले नाही. वरच्या विभागात लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोरीनचे पाणी भरून ते २४ तास ठेवले, नंतर क्लोरीन नेहमीच्या पातळीवर येईपर्यंत प्रत्येक नळ सोडून नळ धुऊन काढले. टाकी, पंप आणि सगळे शॉवरही त्यात आले. जीवाणू तपासणीचे नमुने सलग दोनदा घेतले आणि दोन्ही वेळा कोलिफॉर्म, म्हणजे दूषितपणा सूचित करणारे जीवाणू, आढळले नाहीत. खालच्या मजल्यांचे नमुने आधीपासूनच स्वच्छ होते, त्यामुळे त्यांच्यावरचा निर्बंध लवकर उठला. बायपास पुन्हा बसवला गेला नाही.

संपूर्ण इमारतीची परवानगी लांबली आणि विकासकाने तक्रार केली. ती टिकली नाही, कारण नोंदी पूर्ण होत्या : कोणत्या नळावर, किती वाजता, कोणत्या मीटरने, काय आकडा आला आणि त्या वेळी सोबत कोण होते. मीटरच्या कॅलिब्रेशनची तारीखही लिहिलेली होती. चौकशीत पहिला प्रश्न तोच विचारला गेला.

मधल्या टप्प्याच्या इमारत निरीक्षकांवर कारवाई व्हावी असा आग्रह काहींनी धरला. संस्थेने तो मानला नाही. त्यांना दिलेल्या नमुन्यातली प्रत्येक तपासणी त्यांनी केली होती आणि दुहेरी व्यवस्थेची चाचणी त्या नमुन्यात नव्हतीच. मला हा निर्णय योग्य वाटतो. शिकागोत १९३३ साली विश्वप्रदर्शनाच्या काळात दोन हॉटेलांमधल्या सदोष प्लंबिंगमुळे आमांशाची साथ पसरून ९८ जणांचा मृत्यू झाला, तेव्हाही जुन्या इमारतीत वर्षानुवर्षे झालेल्या जोडकामांनी पिण्याचे पाणी आणि सांडपाणी एकमेकांजवळ आणून ठेवले होते. असे जोड एका माणसाच्या बेफिकिरीने क्वचितच होतात. ते अनेक हातांतून जातात आणि प्रत्येकाला आधीच्याने पाहिलेच असेल असे वाटते.

काय वेगळे करता आले असते

सर्वांत आधी, वरच्या मजल्यांवरच्या कामगारांना सकाळीच विचारायला हवे होते. पाचव्या मजल्यावर क्लोरीन शून्य आल्यावर पुढची मोजणी करण्याआधी त्या नळावर पिऊ नका अशी चिठ्ठी लावणे शक्य होते. संशय खरा ठरेपर्यंत थांबण्याची गरज नव्हती आणि संशय चुकीचा ठरला असता तरी कोणाचे काही बिघडले नसते. कागदावर रहिवासी नसलेली जागा रिकामी असते असे गृहीत धरण्याची सवय तपासणीच्या कामात फार खोल रुजलेली आहे.

दुसरी गोष्ट अंशतः परवानगीची. पुनर्वापराची वाहिनी सहाही मजल्यांना सामाईक असताना खालच्या तीन मजल्यांना वेगळी परवानगी देण्याआधी संपूर्ण वाहिनीची जोड-चाचणी घ्यायला हवी होती. मजल्यांप्रमाणे परवानगी विभागता येते, पाणी विभागता येत नाही.

खालच्या मजल्यांचे पाणी चालू ठेवण्याच्या निर्णयावर मात्र दुमत राहिले. आरोग्य विभागाच्या एका अधिकाऱ्यांचे म्हणणे असे की पुनर्वापराची वाहिनी रिकामी झाल्यानंतर पुरवठा तोडण्यात उलटप्रवाहाचा धोका उरला नव्हता, म्हणून अहवाल येईपर्यंत तो तोडूनच ठेवायला हवा होता. या युक्तिवादात तथ्य आहे. क्रम योग्य ठेवल्यावर दुसरा पर्याय पूर्वीइतका धोक्याचा राहिला नव्हता, आणि पिऊ नका अशी सूचना प्रत्येक घरात, प्रत्येक मुलापर्यंत पोहोचली का, हे कोणी तपासले नाही. सूचना मराठी, इंग्रजी किंवा कोणत्याही एका भाषेत दारावर चिकटवणे वेगळे आणि घरोघर जाऊन सांगणे वेगळे.

संस्थेने त्यानंतर तीन बदल केले. दुहेरी व्यवस्थेच्या इमारतीचा मधला टप्पा प्लंबिंगची स्वतंत्र पात्रता असलेल्या निरीक्षकानेच तपासायचा. दोन्ही व्यवस्थांची दाबाची चाचणी एकदम घ्यायची नाही. एक दाबाखाली असताना दुसरी उघडी ठेवायची, म्हणजे गळतीसोबत जोडही त्याच चाचणीत पकडला जातो. कंत्राटदाराने प्रत्येक तात्पुरत्या जोडाची जागा आणि तो काढल्याची तारीख नोंदवहीत लिहायची आणि शाफ्ट बंद करण्याआधी ती नोंदवही निरीक्षकाला दाखवायची. यातला तिसरा बदल मला सर्वांत उपयोगाचा वाटतो आणि तो त्या जुन्या कारागिराने सुचवला होता.

निरीक्षकाच्या भरतीतही लेखी परीक्षेसोबत प्रात्यक्षिक आले. उमेदवारासमोर लाकडी चौकटीवर बसवलेल्या दोन नळव्यवस्था असतात, दोन्ही दाब व्यवस्थित धरतात आणि मागे एक लहानसा जोड असतो. उमेदवाराला चौकटीच्या मागे पाहण्याची परवानगी नसते. व्हॉल्व्ह कोणत्या क्रमाने उघडायचे आणि बंद करायचे, हे त्याने आधी कागदावर लिहून मगच हात लावायचा असतो. गुण क्रमाला वेगळे आणि नोंदीला वेगळे दिले जातात.